दीड मैलाचा मान

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला इनहो सुवन शहरात तिच्या घरापाशी पावणेबारालाच पोचला, आणि गाडी लावायची सोडून त्याने इमारतीभोवती चकरा मारायला सुरुवात केली. तिसऱ्या चकरेला त्याच्या बायकोने, मीरानने, मांडीवरचा नासपतींचा खोका मागच्या सीटवर टाकला.

"उतरायचंय, की इंधन संपेपर्यंत घिरट्या घालायच्यात?"

"दादांची गाडी दिसत नाही अजून."

"मग? आपण आधी वर गेलो तर आई काय दारातून हाकलून देणार आहेत?"

इनहोने चौथी चक्कर सुरू केली. मीरानने डोळे मिटून घेतले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाबरोबर किती इमारतींना प्रदक्षिणा घातल्या होत्या, त्याचा हिशेब तिने केव्हाच सोडून दिला होता.

पेक घराण्यात हा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. इनहो आठ वर्षांचा असताना शाळेच्या शर्यतीत पहिला आला, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा तोकसू चौथा आला, आणि तोकसूने घरी येऊन तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी आईने इनहोला जिन्यात गाठलं आणि त्याचा कान हातात धरून, पण न पिळता, सांगितलं, "यापुढे दादाच्या पुढे जायचं नाही." कान पिळला असता तर कदाचित तो विसरून गेला असता. तेव्हापासून इनहो शाळेत दुसरा यायला लागला. मीरान त्याला आवडली तेव्हा दादांचं लग्न व्हायचं होतं, म्हणून तिला दोन वर्षं थांबवलं, आणि ही दोन वर्षं मीरान आजही विसरलेली नव्हती. दोघे भाऊ वैमानिक झाले, वेगवेगळ्या कंपन्यांत लागले. इनहोची कॅप्टनची परीक्षा दादांच्या आधी आली, तर त्याने सहा महिने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. दादा कॅप्टन झाले त्या दिवशी तो आणखी ठणठणीत झाला.

इथपर्यंत सगळं जमिनीवर होतं. दहा दिवसांपूर्वी प्रकरण आभाळात गेलं.

मंगळवारची दुपार, स्वच्छ ऊन. इनहो बँकॉकहून दोनशे बारा माणसं घेऊन उतरायला येत होता, उजव्या धावपट्टीवर. शेजारी, हाकेच्या अंतरावर, तशीच दुसरी धावपट्टी. दोन्हींवर विमानं एकाच वेळी येतात तेव्हा ती खांद्याला खांदा लावून येत नाहीत. एक पुढे, दुसरं थोडं मागे, आणि दोघांमध्ये तिरकं निदान दीड मैल. रडारवरच्या बाईने दोघांना एकच वेग दिला होता, एकशेसत्तर, आणि तो कायम ठेवा म्हणून सांगितलं होतं. इनहो पुढे होता. मग डाव्या विमानातून उत्तर आलं, "एकशेसत्तर, ठीक," आणि तो आवाज दादांचा होता.

पुढचं इनहोला नीट सांगता आलं नसतं. आपण दादांच्या पुढे चाललोय एवढंच त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याचा हात वेगाच्या बटणाकडे गेला आणि एकशेपन्नासवर येऊन थांबला. हात त्याचाच होता, पण त्याला विचारून गेला नव्हता.

"कॅप्टन, एकशेसत्तर सांगितलंय ना?" शेजारचा सहवैमानिक म्हणाला.

"वारा आहे," इनहो म्हणाला.

वारा नव्हता. मागून दादा सांगितलेल्या वेगाने, सरळमार्गी माणसासारखे येत राहिले. दीड मैलाचं सव्वा झालं, सव्वाचं एक. मग रडारवरच्या बाईचा आवाज आला, जराही न चढलेला. डावीकडचे, डावीकडे वळा आणि वर जा; उजवीकडचे, उतरा. म्हणजे दादा गेले वर, आणि इनहोला समोर मोकळी धावपट्टी. कुठल्याही शहाण्या माणसाने विमान उतरवलं असतं.

"आम्हीही वर जातो," इनहो म्हणाला.

बाईने कारण विचारलं. इनहो काहीतरी पुटपुटला. दोनशे बारा माणसं पुन्हा आभाळात गेली. दुसऱ्या वेळी बाईने त्याला पुन्हा पुढचा नंबर दिला, आणि तेव्हा, जन्मभर रेडिओवर इंग्रजी बोललेला इनहो घाबरून आपल्या भाषेवर आला. म्हणाला, "त्यांना आधी. मी मागून येतो."

अहवालात त्याने 'वाऱ्याचा अचानक झोत' असं लिहिलं. त्या दिवशी विमानतळावरचे झेंडे काठ्यांना ओल्या कपड्यासारखे चिकटलेले होते. तेव्हापासून इनहोला धड झोप नव्हती. आपण भित्रे आहोत याची त्याला सवय होती. खोटारडे आहोत हे नवीन होतं. आणि दहा दिवसांत दादांचा एकही फोन आला नव्हता. त्यांनी आपला आवाज ओळखला की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"आली एकदाची स्वारी," मीरान म्हणाली.

दादांची काळी गाडी फाटकातून आत येत होती. इनहोने ती नीट लागू दिली, मग आपली लावली, मग लिफ्टमध्ये दादांना आधी जाऊ दिलं. दोघे भाऊ शेजारी उभे राहून वर बदलत जाणारे आकडे बघत राहिले.

"कसं चाललंय?" दादा म्हणाले.

"चाललंय."

चौदाव्या मजल्यापर्यंत संभाषण एवढंच झालं.

वर आईने सणासुदीचा पायघोळ पोशाख, नवा हानबोक, घातला होता, फिकट जांभळा, आणि ती जेवणाच्या बैठ्या टेबलापाशी राणीसारखी बसली होती. आजचा दिवस तिच्या वाढदिवसापेक्षा नातसुनेचा होता. दादांचा मुलगा हानसल साडेबाराला मुलगी घेऊन येणार होता. त्याने आतापर्यंत घरी एवढंच सांगितलं होतं, की मुलगी विमानतळावर असते.

"विमानतळावर म्हणजे त्या अत्तरांच्या दुकानात असणार," आई म्हणाली. "मी यादी करून ठेवली आहे. नाही म्हणणार नाही ती, पहिल्यांदाच येतेय."

"आई, निदान जेवण तरी होऊ दे," दादा म्हणाले.

थोरली सून स्वयंपाकघरातून डोकावली. "भावजींना सांगितलंत का ते त्या दिवशीचं? तुमचं विमान पुन्हा वर न्यावं लागलं ते?"

इनहोच्या हातातली जेवणाची काडी किमचीच्या वाडग्यात पडली.

"त्यात काय सांगायचं," दादा भिंतीकडे बघत म्हणाले. "रडारवर कुणीतरी पोरगी होती, तिला विमानांत अंतर राखता आलं नाही. मी तसं लिहून दिलंय. विषय संपला."

दादा त्याच्याकडे बघत नव्हते हे इनहोच्या लक्षात आलं, पण का ते त्याला कळलं नाही.

दाराची घंटा वाजली. हानसल आत आला, त्याच्यामागे एक बुटकी, सावध डोळ्यांची मुलगी आली, तिने बूट काढून ते टाचेला टाच लावून ठेवले आणि ती आईसमोर खाली वाकली.

"नमस्कार आजी. ऐंशी वर्षांच्या शुभेच्छा. मी कु सेबोम."

एकेक शब्द सुटा, मुळ्याच्या सारख्या कापलेल्या चकत्यांसारखा. इनहोचा पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. त्याच क्षणी शेजारी दादांचाही झाला. दोघांचेही हात, कुणी न सांगता, कानाकडे गेले, जिथे कामावर असताना हेडसेट असतो.

त्यानंतर दोन्ही भावांनी तोंड उघडलं नाही.

इनहोने ठरवलं होतं, की जेवण होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. आवाज ऐकला की मुलगी ओळखणार. मुलीने "काका, तुम्हीही वैमानिक ना?" असं विचारलं तेव्हा त्याने मान हलवली आणि गळ्याला हात लावला. "घसा बसलाय वाटतं," मीरान संशयाने म्हणाली. "खाली गाडीत तर चांगला होता." त्याने तिला टेबलाखालून पाय लावला. ती म्हणाली, "लाथ कशाला मारताय?"

दादा तर त्याहून चमत्कारिक. जो माणूस एकदा बोलायला लागला की कोबीच्या भावापासून इंजिनाच्या तेलापर्यंत सगळ्यांची शिकवणी घ्यायचा, तो होणाऱ्या सुनेसमोर नुसता "हं" आणि "अंहं" करत होता. आईने पाच मिनिटं हे बघितलं आणि मग ती मुलीसमोरच बोलली, कारण ऐंशीव्या वर्षी हळू बोलायचं तिने सोडलं होतं.

"तोकसू, तुला मुलगी पसंत नाही का?"

"तसं नाही, आई."

"मग तोंड का एवढंसं झालंय? आणि इनहो, तुझंही? तू काय दादा गप्प बसला म्हणून गप्प बसलास?"

हानसल लाल झाला. मुलीने नजर खाली केली. इनहोला तिची कीव आली.

"सून, सार आण," आई म्हणाली. "आज पहिला वाडगा पाहुणीला."

वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सार वाफाळत आलं आणि मुलीसमोर ठेवलं गेलं. मुलीने चमचा उचलला, साराकडे बघितलं, चमचा पुन्हा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"आवडत नाही का ग?"

"आवडतं आजी. खूप आवडतं."

"आजी, तिची गुरुवारी एक परीक्षा आहे," हानसल म्हणाला.

आईने तो वाडगा मुलीपुढून असा ओढला, जणू त्यात विंचू होता. परीक्षेच्या आठवड्यात हे बुळबुळीत सार पोटात गेलं की माणूस घसरलाच. या घरात हानसलच्या बारावीला तर ऑक्टोबरपासूनच शेवाळाला दारबंदी होती. "वेड्यांनो, आधी सांगायचं ना! कसली परीक्षा ग? अत्तरांची?"

मुलीने हानसलकडे बघितलं. हानसलने मान हलवली.

"मी अत्तरांच्या दुकानात नसते, आजी. मी रडारवर असते. उतरणाऱ्या विमानांना रांगेत लावते. आणि परीक्षा नाही, चौकशी आहे. दहा दिवसांपूर्वी माझ्याकडची दोन विमानं ठरल्यापेक्षा जवळ आली. माझा हेडसेट काढून घेतलाय. सध्या कागदांना भोकं पाडून फायली लावते."

स्वयंपाकघराच्या दारात थोरली सून हातातल्या डावासकट थबकली. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे.

"चूक कुणाची?" आईने विचारलं.

"तेच ठरायचंय. मी दोघांना एकच वेग दिला होता. उजवीकडच्याने तो न सांगता कमी केला. वारा होता म्हणतो, पण वारा नव्हता. आणि डावीकडच्याने लिहून दिलंय, की अंतर मलाच राखता आलं नाही. दोन कॅप्टन, तीस तीस वर्षं नोकरी झालेली, आणि माझी चार. गुरुवारी ते माझ्याविरुद्ध गेलं, तर मला दक्षिणेतल्या एका बेटावर पाठवतील. तिथे दिवसातून दोन विमानं येतात."

"आणि लग्न?"

"ती बेटावर, मी इथे," हानसल म्हणाला. "लग्न पुढे जाईल. किती, ते माहीत नाही."

"मला एक कळत नाही," मुलगी म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात पहिल्यांदाच कामाबाहेरचं काहीतरी आलं. "तो उजवीकडचा. त्याला मी उतर म्हटलं तर तो उतरेना. दुसऱ्या वेळी पुढचा नंबर दिला तर म्हणतो, नको. चार वर्षांत प्रत्येक वैमानिकाने माझ्याशी पुढच्या नंबरासाठी भांडण केलंय. मागचा नंबर मागणारा हा पहिलाच. मी झोपेतही तेच ऐकते."

"मूर्ख असेल," आई ठामपणे म्हणाली. "तोकसू, तू एवढा मोठा वैमानिक. तुझं काय म्हणणं आहे या दोघांबद्दल?"

"हं," दादा म्हणाले.

आता आईचं डोकं फिरलं. "हं काय हं? घरात येऊ घातलेली पोर रडकुंडीला आली आहे आणि हा हं करतो! सून, याला सार देऊ नकोस. हा वाडगा इनहोला दे. घे रे इनहो, तू सुरुवात कर."

वाडगा फिरून इनहोच्या समोर आला. दादांच्या आधी. आणि इनहोचं तोंड, दहा दिवसांपूर्वीच्या त्याच्या हातासारखंच, त्याला न विचारता उघडलं.

"दादांना आधी. मी मागून येतो."

मुलीच्या हातातल्या काड्या टेबलावर पडल्या.

तिने इनहोकडे बघितलं. मग, हळूहळू, दादांकडे बघितलं. मग पुन्हा इनहोकडे. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. इनहोला कळलं की हिला सगळं कळलंय, आणि हेही कळलं की ही काही बोलणार नाही. पहिल्यांदा घरी आलेली मुलगी होणाऱ्या सासऱ्यावर आणि चुलत सासऱ्यावर बोट कसं ठेवणार? ती थोरामोठ्यांच्या मागे थांबेल, अगदी तो थांबत आला तशी, आणि थांबून थांबून बेटावर जाईल.

त्याला स्वतःची एवढी शरम आजवर कधी वाटली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "मला बोलायचंय."

"थांब, आधी दादाला बोलू दे, मी त्याला विचारलंय."

"नाही," इनहो म्हणाला, आणि हा शब्द त्या टेबलावर त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नसल्यामुळे सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. "आधी मी बोलणार. तो मूर्ख मी आहे. उजवीकडचं विमान माझं होतं. वाराबिरा काही नव्हता. मागून दादा येत होते आणि मी पुढे होतो, म्हणून मी वेग कमी केला."

मीरान हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून.

"आभाळात?" ती म्हणाली. "आभाळातसुद्धा?"

"हसू नकोस," दादा गरजले. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "गाढवा! तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? तुझा आवाज मी भिंतीपलीकडून ओळखतो! 'त्यांना आधी' म्हणे! माझ्या शेजारी अठ्ठावीस वर्षांचा सहवैमानिक बसला होता, तो मला विचारतो, 'कॅप्टन, हे कोण सज्जन?' काय सांगणार होतो मी?"

"मग तुम्ही लिहिलंत का नाही?" इनहो थक्क होऊन म्हणाला.

"काय लिहू? धाकट्या भावाने मला वाट दिली? तुझं नाव आलं असतं त्यात! म्हणून लिहिलं, रडारवरच्या पोरीची चूक." एवढं बोलून दादांना ती पोरगी कुठे बसली आहे याची आठवण झाली, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला कुठे माहीत होतं ती कोण ते."

"कुणीही असती तरी ती कुणाची तरी मुलगीच होती," थोरली सून दारातून म्हणाली. तिने आयुष्यात नवऱ्याला एवढं लांब वाक्य सुनावलं नव्हतं.

"म्हणजे," सेबोम सावकाश म्हणाली, "एकाने मान दिला, दुसऱ्याने तो झाकला, आणि तुमच्या मानापानात माझा हेडसेट गेला."

दोघा भावांनी एकाच वेळी मान खाली घातली. या बाबतीत कुणी पुढे नव्हतं, कुणी मागे नव्हतं.

"आणि ऐक," दादा मान खालीच ठेवून इनहोला म्हणाले, "तुला वाटतं तू मला मान देतोस. पन्नास वर्षं मी पुढे बघतोय आणि मला तुझी पाठ दिसते, थांबलेली. शाळेत, लग्नात, त्या गुडघ्याच्या वेळी. काय लंगडायचास रे, रोज वेगळ्या पायाने! मी जे काही मिळवलं ते माझं, की तू थांबलास म्हणून मिळालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि त्या दिवशी तर तुझ्या शेपटावर चढता चढता वाचलो. कुणी सांगितलं होतं तुला थांबायला?"

इनहोची नजर गेली, आणि तिच्यामागे सगळ्यांच्या नजरा गेल्या, जांभळ्या हानबोककडे.

"मीच," आई म्हणाली. "मग काय करणार होते? त्या शर्यतीनंतर तू तीन दिवस जेवला नाहीस! उशीत तोंड खुपसून रडत होतास! माझ्याच्याने बघवत नव्हतं."

"माझी दाढ दुखत होती, आई!"

"काय?"

"दाढ! इनहोला शर्यतीत गोळ्यांची एवढी मोठी पिशवी मिळाली होती. ती मी रात्रीतून चोरून संपवली. सगळी. दाढ ठणकायला लागली. सांगितलं असतं तर तू दंतवैद्याकडे नेलं असतंस, आणि गोळ्याही कळल्या असत्या. शर्यतीचं मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. मला पळायला कधी आवडत होतं?"

आईने थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. सत्तेचाळीस वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली असावीत, कारण तिने हळूच हात पुढे केला आणि इनहोचा कान धरला. न पिळता.

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तू तरी एकदा विचारायचंस, की का म्हणून."

"तुझ्या पुढे कसं बोलणार," इनहो म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आलं.

मीरानने त्याच्या खिशातून फोन काढून त्याच्या पुढ्यात आपटला. "हसणं नंतर. आधी लिहा."

सार निवत गेलं आणि सगळं घर टेबलाभोवती कोंडाळं करून बसलं. इनहोने दुरुस्ती अहवाल उघडला. सांगितलेला वेग कमी केला, कळवलं नाही, वारा नव्हता, नियंत्रकाने वेळेत विमान वळवल्यामुळेच पुढचं टळलं, हे सगळं त्याने न अडखळता लिहिलं. 'कारण' या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"सवयीने, असं लिहा," हानसलने सुचवलं.

"कसली सवय, असं विचारतील," सेबोम म्हणाली. तिने क्षणभर विचार केला. "काका, भावाचं लिहिलं नाहीत तरी माझं भागेल. तुम्हाला निदान चार महिने खाली बसवतील, शिकाऊ पोरांबरोबर पुन्हा तपासण्या द्याव्या लागतील. त्यात वर हसंही होईल."

इनहोने दादांकडे बघितलं नाही. त्याने लिहिलं: 'डाव्या विमानात माझे थोरले बंधू होते. मी त्यांच्या पुढे जात नाही.' पुन्हा वाचलं. 'जात नाही' खोडून 'जात नव्हतो' केलं, आणि पाठवून दिलं.

"अख्खा देश हसणार आता," दादा म्हणाले आणि आपला फोन हुडकायला लागले. "चष्मा कुठे गेला माझा? मलाही लिहायचंय. नियंत्रकाची चूक नव्हती आणि मला आवाज ओळखीचा होता. 'बंधू' कसं लिहिलंस रे? की साधं 'भाऊ' लिहू?"

आईने डोळे पुसले आणि ती व्यवहारावर आली. "पोरीला सार नाही म्हणजे नाही. गुरुवार होऊ दे. शुक्रवारी मी पुन्हा करते. आणि तू ग, तुमच्या रडारजवळ ती अत्तरांची दुकानं आहेत का?"

"चालत दहा मिनिटं, आजी."

"मग ही यादी ठेव."

चार वाजता निघायची वेळ झाली. बूट घालून सगळे लिफ्टपाशी आले. दार उघडलं, आणि इनहो नेहमीच्या सवयीने भिंतीला चिकटून बाजूला झाला. दादाही बाजूला झाले.

"जा," दादा म्हणाले.

"तुम्ही व्हा ना पुढे."

"जा म्हणतो ना! आत्ताच काय लिहून दिलंस?"

"ते विमानाचं होतं, दादा."

दार मिटायला लागलं. हानसलने हात घालून ते अडवलं. लिफ्ट तक्रार करायला लागली, मीरानने कपाळावर हात मारला, आणि दोघे पंचावन्न-सत्तावन्नचे कॅप्टन एका उघड्या दाराच्या दोन बाजूंना खांबासारखे उभे राहिले.

"डावीकडचे, जागेवर थांबा," मागून आवाज आला, सुटा, सपाट, जराही न चढलेला. "उजवीकडचे, पुढे."

दादा जागच्या जागी थांबले. इनहोचा पाय उचलला गेला.

"वेग?" त्याने विचारलं.

"आहे तोच," सेबोम म्हणाली. "कायम ठेवा."

इनहो आत गेला. लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा होता. इतकी वर्षं या लिफ्टमध्ये चढताना त्याने पुढे नेहमी दादांची मान बघितली होती, कॉलरपाशी केस पिकत गेलेली. आज आरशात त्याला दादांचा चेहरा दिसला, त्याच्या खांद्यामागून येणारा. ते टायची गाठ सैल करत होते आणि हसत होते.